लॉगबुककडे लक्ष द्या

विमान दुरुस्तीतल्या करिअरवरच्या लेखात म्हटलंय, बारावीनंतर कोर्स केला की एएमई (विमान देखभाल अभियंता) लायसन्स हातात. माझा भाचा ओझरला राहून हेच करतोय, म्हणून कळकळीने सांगतो. कोर्सचं सर्टिफिकेट वेगळं आणि डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स वेगळं. लायसन्सच्या परीक्षेत मॉड्यूलच्या (विषयाच्या) प्रत्येक पेपरला ७५ टक्के लागतात, पण पोरं खरी अडकतात ती अनुभवात. चालू विमानांवर प्रत्यक्ष काम करायचं, लॉगबुकमध्ये प्रत्येक काम तारखेसकट लिहायचं, वर सही घ्यायची. लॉकवायर, म्हणजे बोल्ट फिरू नये म्हणून बांधलेली तार, उलट्या दिशेने ओढली तर बोल्ट सैल होऊ शकतो. हे हाताला कळल्याशिवाय सही मिळूच नये. पालकांनो, फी भरण्याआधी संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, प्रत्यक्ष काम कुठल्या हँगरमध्ये (विमानांच्या शेडमध्ये) मिळणार, हे लेखी घ्या. नुसत्या तोंडी आश्वासनावर लाखो रुपये भरू नका.