सुसर, मगर आणि नक्राश्रू : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

‘मगर’ या शब्दाविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मगर वेगळी आणि सुसर म्हणजे घडियाल, हे माझे विधान कृष्णाकाठच्या बोलीला धरून नाही, हा पहिला. आणि ‘नक्राश्रू’ हा शब्द संस्कृत असताना मी तो परका ठरवला, हा दुसरा. पहिला मला पूर्णपणे मान्य आहे, दुसरा नाही.

सुसरीच्या बाबतीत मी प्राणिशास्त्राच्या पुस्तकी परिभाषेवर विसंबलो. लांब, निमुळत्या जबड्याचा आणि मुख्यतः माशांवर जगणारा घडियाल हा गंगा, चंबळ, महानदी अशा नद्यांमधला प्राणी आहे. कृष्णा-वारणेत किंवा कोकणातल्या सावित्री-वाशिष्ठीत दिसते ती मगरच. तेव्हा ज्याच्या तावडीत सापडलो त्याचीच खुशामत करण्याची पाळी आली म्हणजे ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांपुढे घडियाल नव्हे, तर आपल्याच डोहातली मगर असणार, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. शब्दाचा इतिहासही आपल्याच बाजूने आहे. संस्कृत ‘शिशुमार’ या शब्दाचा वंशज हिंदीत ‘सूंस’ होऊन गंगेतल्या डॉल्फिनचे नाव झाला आणि मराठीत ‘सुसर’ झाला. माकडाचे काळीज खाऊ पाहणाऱ्या मगरीची गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली आहे. तिच्यातला हा प्राणी पंचतंत्रात ‘मकर’ आहे, तर पाली जातकात ‘सुंसुमार’. म्हणजे ‘मगर’ आणि ‘सुसर’ या दोन्ही शब्दांचे पूर्वज त्या एकाच गोष्टीत एकाच पात्रासाठी आलेले आहेत. ‘मकर’ शब्दाचा अर्थही काटेकोर नव्हता : गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘झषाणां मकरश्चास्मि’ म्हणताना तो माशांत गणला गेला आहे, आणि शिल्पातला गंगेचा मकर तर अनेक प्राण्यांचे अवयव एकत्र करून घडवलेला असतो.

‘नक्राश्रू’विषयी मात्र माझे मत कायम आहे. ‘नक्र’ संस्कृत, ‘अश्रू’ संस्कृत आणि समासही निर्दोष. परंतु घटक संस्कृत असले म्हणून कल्पनाही इथलीच ठरत नाही. माणसाला खाताना मगर रडते, ही मध्ययुगीन युरोपात रूढ असलेली समजूत होती आणि तिच्यावरून पडलेला वाक्प्रचार इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आला. आपल्या परंपरेने मगरीचे डोळे नव्हे, तर तिची पकड पाहिली. गजेंद्राचा पाय धरणाऱ्याला ‘ग्राह’ म्हटले ते ‘धरणे’ या अर्थाच्या ‘ग्रह्’ धातूवरूनच, आणि सुटता सुटत नाही अशा विळख्याला मराठी माणूस ‘मगरमिठी’ म्हणतो. मला हा शब्द ‘नक्राश्रू’पेक्षा कितीतरी अधिक आपला वाटतो.

लेखातले सुसरीविषयीचे वाक्य मी आज दुरुस्त केले आहे. ‘नक्राश्रू’चा परिच्छेद होता तसाच ठेवला आहे.