चार माणसं, चार पथ्यं, एक कुकर

नाशिकमध्ये सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक, फिरून झाल्यावर मिसळ खाणाऱ्यांचा. दुसरा, फिरून झाल्यावर मिसळ खाल्ली हे घरी न सांगणाऱ्यांचा. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन्ही पंथ गुण्यागोविंदाने नांदतात आणि शेवटच्या फेरीला दोघांचीही पावलं आपोआप झपझप पडायला लागतात.

माझं या दोन पंथांमध्ये येणं-जाणं सुरू होतं. तेवढ्यात ऑफिसची वार्षिक तपासणी आली आणि माझं एचबीएवनसी (साखरेची एक रक्ततपासणी) 6.1 निघालं. 5.7 च्या आत असतं तर मी सुटलो होतो, 6.5 ला पोचलं असतं तर मधुमेही ठरलो असतो. मी मधेच लोंबकळत.

"साखरपुडा झालाय असं समजा," डॉक्टर म्हणाले. "लग्न अजून मोडता येतं."

ही एचबीएवनसी तपासणी मोठी पाताळयंत्री आहे. उपाशीपोटीच्या साखरेचं एक बरं असतं, आदल्या दोन दिवशी मुगाची खिचडी खाल्ली की आकडा जरा शहाण्यासारखा वागतो. इथे ती सोय नाही. तांबड्या रक्तपेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या मुदतीत रक्तात भेटेल ती साखर अंगाला चिकटवून फिरतात. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली प्रत्येक जिलबी तिथे हजेरी लावून बसलेली. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून पदवी मिळवलेल्या आमच्या पिढीवर हा सरळसरळ अन्याय आहे.

त्यात डॉक्टरांनी टेप काढली. माझ्या पँटचा नंबर लग्नापासून 34 आहे आणि चारचौघांत मी तो अधूनमधून सांगतही असे. डॉक्टरांनी टेप पट्ट्यावर लावलीच नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावली. 99 सेंटिमीटर! आपल्याकडच्या पुरुषांनी 90 च्या आत राहावं म्हणतात, बायकांनी 80 च्या. नंबर बदलला नव्हता हे खरंच होतं. पँट तेवढी वर्षागणिक खाली खाली उतरत गेली होती.

"पण वजन फार नाहीये माझं," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. याज्ञिकांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा तोच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. हातपाय काटकुळे, पोट पुढे, आणि काट्याला त्याचा पत्ता नाही, ही आपली घडण. एका पुणेकर डॉक्टराने स्वतःच्या पोटाचा विज्ञानासाठी असा उपयोग केला याचं मला मनापासून कौतुक वाटलं. माझ्या पोटाचा अजून कुणालाच काही उपयोग झालेला नाही.

रिपोर्ट घरी आल्यावर तो फ्रिजच्या दारावर, गणपतीच्या चुंबकाखाली लागला. मला वाटलं होतं, पथ्य माझ्यापुरतं असेल. पण आमच्या हिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "अहो, मी चार स्वयंपाक करणार नाही. सगळ्यांना एकच." घोषणा उत्तम होती. अडचण एवढीच, की आमच्या घरात आई अठ्ठ्याहत्तरची, मी चोपन्नचा, ही पन्नाशीची आणि चिरंजीव चोवीसचे. आणि या चारही वयांना, कळलं ते असं, वेगवेगळं लागतं.

चिरंजीवांपासून सुरुवात करू, कारण जेवणाच्या टेबलावर तेच करतात. ते जिमला जातात आणि ग्रॅममध्ये बोलतात. एका रात्री वरणाची वाटी उजेडाकडे धरून त्यांनी विचारलं, "बाबा, यात प्रोटीन किती असेल?"

"त्यात तूप आहे," आई म्हणाली.

मग कागद आला, पेन आलं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. माझं वजन 76, म्हणजे दिवसाला सुमारे 63 ग्रॅम. आमच्या घरच्या वाटीभर वरणात जेमतेम 5-6. (आमच्या वरणात डाळ शोधायला बॅटरी लागते. हे मी चिरंजीवांच्या कानात बोललो, तरी ते स्वयंपाकघरात ऐकू गेलं.) नुसत्या वरणावर भागवायचं तर अकरा वाट्या! चिरंजीवांनी यावर उपाय म्हणून एक डबा आणला. त्याच्यावर एका दंडाचं चित्र आहे आणि त्याची किंमत माझ्या पहिल्या पगारापेक्षा जास्त आहे. मी कपाटातून शेंगदाण्याची बरणी काढली. 100 ग्रॅम दाण्यांत 25 ग्रॅम प्रथिनं, मटकीत 23-24, शिवाय भाकरीत लायसिन हा प्रथिनांतला जो घटक कमी पडतो तो मटकीत मुबलक. "हे बघ, भाकरी आणि उसळ. पिढ्यान् पिढ्या चाललंय." ते म्हणाले, "बाबा, शंभर ग्रॅम दाण्यांच्या कॅलरीज बघा." बघितल्या. साडेपाचशेच्या पुढे. बरणी परत कपाटात गेली आणि वरण तेवढं दाट झालं. ही एक गोष्ट त्या वादातून कायमची सुधारली.

खरा धक्का आईने दिला. मला कमी खायला सांगणाऱ्या त्याच डॉक्टरांनी आईला जास्त खायला सांगितलं! तिशी उलटली की दर दहा वर्षांत 3 ते 8 टक्के स्नायू झिजतात म्हणे आणि साठीनंतर वेग वाढतो. म्हाताऱ्या माणसाला भूक कमी लागते, तहान तर लागलेली कळतच नाही, आणि नेमकी त्याच वयात प्रथिनांची गरज वाढून किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅमवर जाते. आई इतकी वर्षं "मला आता काय लागतंय" म्हणत चहा-टोस्ट आणि दहीभातावर दिवस काढत होती, आणि आम्ही त्याला तिचा निर्मोहीपणा समजत होतो. डॉक्टरांनी त्याला कुपोषण म्हटलं.

अंड्याचा विषय निघाला तेव्हा आई उठून देवघरात गेली. तो तिथेच मिटला. मुगाचं धिरडं, पनीर, दोन वेळा दही आणि नाचणीच्या सत्त्वाचं दूध यावर तडजोड झाली. बी12 ची गोळी औषधाच्या डब्यात आली, कारण शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं आणि वय झालं की पोट तेही नीट शोषत नाही. शिवाय एक व्यायाम: खुर्चीतून हात न टेकवता उठायचं आणि बसायचं. आई तो मालिकेतल्या जाहिरातींच्या वेळी करते. पदर खोचून, नजर टीव्हीवर, तोंडाने "श्रीराम जय राम", आणि प्रत्येक 'जय जय राम'ला बूड खुर्चीला. परवा जाहिराती लवकर संपल्या म्हणून ती चॅनलवर चिडली. मी तो व्यायाम करून पाहिला. आईने मला हात धरून उठवलं.

म्हणजे टेबलावर असं दृश्य असतं: माझ्यासमोर काकडी आणि आईच्या भातावर मी बघत असताना ओतलं जाणारं तूप.

हिचं स्वतःचं प्रकरण निराळं. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, म्हणून कॅल्शियम हवं, वजन उचलायला हवं, ऊन हवं. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. त्यामुळे नाचणीची भाकरी सुरू झाली. पण आठवडाभरात माझ्या लक्षात आलं, की सगळ्यांना मोजूनमापून वाढणारी ही बाई स्वतः मात्र कढईत उरलेलं खाते. आईचा उरलेला भात, माझी न संपलेली दुधी, चिरंजीवांनी सोडलेलं काहीतरी. "वाया कशाला घालवायचं?" चिरंजीव म्हणाले, "आई, याला डाएट नाही, भांडी घासणं म्हणतात." ती हसली, आणि कढई पुसून घेतली. हे बदलायला वेळ लागेल. तिच्या आईचंही हेच होतं, माझ्या आईचंही.

त्याची भरपाई म्हणून की काय, तिने आमच्यावर एक फतवा काढला: जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा नाही. चहामुळे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागत नाही, हे शास्त्राला धरून आहे. पण जेवण झाल्यावरचा अर्धा कप चहा गेला तर ऑफिसात दुपारी जागं कशावर राहायचं, यावर शास्त्राकडे काही नाही. तेलाचंही तसंच. माणशी दिवसाला 25 ते 30 ग्रॅम पुरे म्हणतात. चौघांना महिन्याला फार तर चार लिटर. आमच्याकडे पाच लिटरचा कॅन महिना पुरत नव्हता. वरचं तेल कुठे जात होतं? कुणीच कबूल होईना. सगळ्यांनी चिवड्याच्या डब्याकडे पाहिलं.

घराबाहेरचा जाच वेगळा. नाशिकला पथ्य ही खाजगी बाब राहत नाही. फेब्रुवारीत निफाडकडचा कुणीतरी स्नेही द्राक्षांचा क्रेट घेऊन दारात उभा राहतो. शुगर आहे म्हटलं तर म्हणतो, "अहो फळ आहे, फळाने काय होतंय!" 100 ग्रॅम द्राक्षांत 15-16 ग्रॅम साखर असते. मूठभर खाल्ली तर खरंच काही होत नाही. पण क्रेट मुठीत मावत नाही. आमच्या सोसायटीतले बँकेतून निवृत्त झालेले काका रात्री अकराला पार्किंगमध्ये गोल गोल फिरताना दिसतात, कारण मोबाइलवर 9,600 पावलं झालेली असतात आणि 10,000 झाल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. हा दहा हजारांचा आकडा 1965 च्या सुमारास एका जपानी पावलं-मोजक यंत्राच्या नावातून आला, वैद्यकशास्त्रातून नाही, हे मी त्यांना सांगितलं. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला, दोनदा जोर-बैठकांसारखं काही करा, झोप पुरी घ्या, बस. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि उरलेली चारशे पावलं पूर्ण केली. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली मात्र मीही धरली आहे, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर तिथल्या तिथे ओढून घेतात आणि त्या वेळात काकडी नजरेआड असते.

एकादशीबद्दल मी फार बोलत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण करणाऱ्याने ग्लुकोमीटरशिवायच सगळं ओळखलं होतं.

राहता राहिली मिसळ. गंगापूर रोडच्या पुढे मळ्यातली मिसळ खायला एका रविवारी ही स्वतः माझ्यासोबत आली, तपासणीला आल्यासारखी. ताट आलं. मोडाची मटकी, वर शेव-फरसाण, वाटीत काळ्या मसाल्याचा रस्सा, त्याच्यावर लाल तर्रीचा थर, त्यात खिडकीचं प्रतिबिंब स्वच्छ दिसत होतं. बाजूला पापड, दही, कांदा, लिंबू, पाव आणि कोपऱ्यात जिलबीचं एक वेटोळं.

मी माझी बाजू मांडली. मटकीला मोड आलेत, म्हणजे क जीवनसत्त्व वाढलेलं. लिंबू पिळलं की मटकीतलं लोह जास्त शोषलं जातं. कांद्यात तंतू, दह्यात प्रथिनं. चार साक्षीदार माझ्याकडून. तिने शांतपणे तर्री, फरसाण, पापड आणि पाव यांच्याकडे बोट दाखवलं. दिवसाला मीठ 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, आणि ते या ताटातच संपतंय असं तिचं म्हणणं. मग वाढणाऱ्या पोराला बोलावून म्हणाली, "दादा, याच्यात मटकी डबल कर. फरसाण काढ. तर्री नको. पाव एकच."

तो थोडा वेळ उभा राहिला. "ताई," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग मिसळ नको का?"

शेवटी महिन्यातून एक रविवार, तर्री बाजूला, पाव एक, जिलबी अर्धी, असा करार झाला. उरलेली अर्धी जिलबी तिने वाया जाऊ नये म्हणून खाल्ली.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, "आता तीन महिने नीट पाळा, मग परत एचबीएवनसी करू." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत विचारलं, "कोणते तीन?" श्रावणात उपास आणि पुरण. भाद्रपदात मोदक, ते संपेस्तोवर पितृपक्षातली खीर आणि वडे. मग नवरात्र, कोजागरी, दिवाळी. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू. माघात हुरडा, फाल्गुनात पुरणपोळी, चैत्रात श्रीखंड आणि वैशाखात आमरस.

डॉक्टर स्वतः उठून पानं उलटायला लागले. "पौष," ते म्हणाले. "पौषात लग्नं नसतात."

"संक्रांत असते."

ते बराच वेळ कॅलेंडरपाशी उभे होते. "अधिक महिना कधी येतोय?"

"त्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात, डॉक्टर. सासूबाईंनी तांदूळ कुठले आणायचे तेसुद्धा ठरवून ठेवलंय."