रोझा रोझाल : आधी अभिनेत्री, आणि मगही अभिनेत्रीच

रोझा रोझालबद्दल कुठंही वाचा, गोष्ट ठरलेली असते. फिलिपिन्सच्या सिनेमात व्हॅम्प होती, मग रेड क्रॉसमध्ये गेली, रक्तदानाचं काम केलं, १९९९ ला मॅगसेसे मिळाला. म्हणजे जणू काही सिनेमा हे पाप आणि रक्तदान हे त्याचं प्रायश्चित्त. मला हे अजिबात पटत नाही. मुळात क्रमच तसा नाहीये. रेड क्रॉसचं काम ती १९५० च्या सुमारासच करायला लागली आणि तिचे सगळ्यात भारी सिनेमे त्याच्यानंतरचे आहेत, दोन्ही कामं वर्षानुवर्षं बरोबरच चालू होती.

ती एलव्हीएन स्टुडिओची नटी. मनिलात तेव्हा मोजके मोठे स्टुडिओ, आणि एलव्हीएनचा कारभार दोन्या सिसांग नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या हातात. कुणी नायिका व्हायचं, कुणी नायिकेचा संसार मोडायचा हे स्टुडिओच ठरवायचा. रोझाच्या वाट्याला बहुतेक वेळा दुसरं काम यायचं.

आणि मग १९५६ ला लाम्बेर्तो आवेल्यानाचा 'अनाक दालिता'. शक्य असेल त्यांनी हा बघाच. १९४५ च्या लढाईत मनिला बेचिराख झालं होतं, लाखभर सामान्य माणसं मेली, इंत्रामुरोस हा जुना तटबंदीचा भाग तर जवळजवळ सपाट झाला. त्या पडक्या भिंतींच्या आडोशाला गरीब लोक झोपड्या टाकून राहायचे आणि सिनेमाचं शूटिंग तिथंच झालंय, सेट नाही काही नाही. कोरियाच्या युद्धातून जखमी होऊन परतलेला सैनिक (तोनी सान्तोस), आणि बारमध्ये काम करून पोट भरणारी सीता, म्हणजे रोझा. हो, नाव सीताच आहे, आपल्या सीतेशी त्याचा काही संबंध नाही. आता ही भूमिका कागदावर बघितली तर पुन्हा तीच 'वाईट बाई'. पण रोझा तिला ना बिचारी करत ना देवी करत. ती बाई थकलेली आहे, व्यवहारी आहे, तिला त्या ढिगाऱ्यातून बाहेर पडायचंय आणि त्यासाठी काय किंमत मोजावी लागते हे तिला पक्कं माहितीये. हाँगकाँगच्या आशियाई चित्रपट महोत्सवात हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. त्याच्या आधी 'सनी बॉय'साठी तिला फामास मिळालेलं होतंच, ते तिथलं मोठं ॲवॉर्ड.

पण माझं सगळ्यात आवडतं काम १९५९ च्या 'बियाया नांग लुपा'मधलं, दिग्दर्शक मान्वेल सिलोस. लान्सोनेस फळाची बाग लावणारं कुटुंब, नवऱ्याचा खून होतो, थोरल्या मुलाला ऐकू-बोलता येत नाही, आणि सगळा भार आईवर. जिला वर्षानुवर्षं नखरेल, कपटी म्हणून दाखवलं तीच बाई इथं शेतकरी आई झालीये आणि कुठंही खोटी वाटत नाही. रडारड करायला भरपूर जागा होती, तिनं ती घेतली नाही. आपल्याकडच्या सोशिक आया बघून कंटाळलेल्यांनी तर हा आवर्जून बघावा.

१९६१ ला एलव्हीएननं सिनेमे काढणं बंद केलं. पुढं १९७५ पासून टीव्हीवर ती 'कापवा को, महाल को' हा कार्यक्रम करायची, त्यात गरीब आजारी माणसं आपली अडचण सांगायची आणि बघणारे लोक मदत पाठवायचे. कॅमेऱ्यासमोर आजारी माणसाची लाज न घालवता त्याला बोलतं करणं हे काय सोपं काम आहे का? माझ्या मते तिथं तिची नटीची नजरच कामाला आली. समोरच्याला किती बोलू द्यायचं आणि आपण कधी गप्प बसायचं ही समज तिच्या सिनेमांतही दिसते.

तिला मॅगसेसे मिळाला तो लोकसेवा विभागात, त्याच विभागात १९८५ ला बाबा आमटे आहेत, १९९३ ला पुण्याच्या बानू कोयाजी आहेत. बाबांचं किंवा बानूबाईंचं आधीचं आयुष्य आपण धुऊन काढायची गोष्ट म्हणून सांगत नाही ना? मग नटीच्याच बाबतीत असं का? व्हॅम्पच्या भूमिका करणाऱ्या बाईला चांगलं ठरवायला आधी सिनेमातून बाहेर काढावं लागतं, ही खोड आपल्याकडेही भरपूर आहे, आणि मला तिचा राग येतो.

सुरुवात करायची असेल तर 'बियाया नांग लुपा'पासून करा, 'अनाक दालिता' त्यानंतर. आणि त्याच काळातल्या लोलिता रॉड्रिगेझ किंवा चारितो सोलिसचं काम कुणी बघितलं असेल तर कमेंटमध्ये लिहा, त्यांच्यावरही बोलायचंय.