'बाईचा आवाज मैदानात पोचत नाही' हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांसाठी

हा मेसेज माझ्यापर्यंत आला तो बाबांकडून. बाबा 74 वर्षांचे आहेत. दर वर्षी एप्रिलच्या सुमारास नाशिकहून आमच्याकडे अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला येतात आणि सहा महिने राहतात. बेसबॉल त्यांनी इथे येऊन शिकून घेतला, आणि आता किती आउट झाले हे माझ्याआधी त्यांना कळतं. त्यांच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला मेसेज त्यांनी वाचला, पटला, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर पाठवून दिला. त्या ग्रुपवर माझी तेरा वर्षांची मुलगीही आहे. शनिवारी मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यांत माईकवरून नावं पुकारायचं काम तिच्याकडे असतं. रात्री जेवताना तिने विचारलं, "आई, माझा आवाज मागच्या बाकांपर्यंत जात नाही का?"

म्हणून हे लिहितेय.

मेसेज लांबलचक आहे, त्याचा गोषवारा असा. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाने 24 वर्षं स्टेडियम दणाणून सोडणाऱ्या 'भारदस्त निवेदकाला', म्हणजे मैदानात माईकवरून खेळाडूंची नावं पुकारणाऱ्याला, हाकलून दिलं. त्याच्या जागी कोटा भरायला म्हणून रेडिओवरची एक बाई आणून बसवली. बेसबॉलमध्ये दीडशे वर्षं हे काम पुरुषांचंच होतं, कारण बाईचा आवाज उघड्या मैदानात पोचत नाही, आणि हे म्हणे विज्ञानाने सिद्ध झालंय. चाहते इतके चिडले की स्टेडियम ओस पडलं. आणि नवा आवाज आल्यापासून संघ सारखा हरतोय.

आधी तो 'भारदस्त निवेदक'. ज्या आवाजासाठी हा मेसेज एवढा हळहळतोय, तो आवाज बाईचा आहे. रेनेल ब्रूक्स-मून हे त्यांचं नाव. 2000 साली जायंट्स नव्या स्टेडियममध्ये आले तेव्हापासून 2023 च्या हंगामापर्यंत तिथला माईक त्यांच्याच हातात होता. स्टेडियमचं नाव या काळात चार वेळा लिहिलं गेलं, पॅसिफिक बेल, एसबीसी, एटी अँड टी आणि आता ओरॅकल पार्क. पाट्या बदलल्या, पण आवाज तोच राहिला. 2010, 2012 आणि 2014 ची तिन्ही विजेतेपदं त्यांच्याच काळातली. इथल्या माणसाला त्यांचं नाव सांगावं लागत नाही, एवढा तो आवाज ओळखीचा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तो कधी ऐकलेलाच नाही. ऐकला असता तर पहिल्याच ओळीत त्याचा पुढचा सगळा युक्तिवाद कोसळला असता. बाईचा आवाज मैदानात पोचत नाही म्हणणारा माणूस, 24 वर्षं मैदानात पोचलेल्या बाईच्याच आवाजाची आठवण काढून उसासे टाकतोय.

त्यांच्या आधी कोण होतं? शेरी डेव्हिस. त्याही बाईच. 1993 साली संघाने खुली निवड चाचणी घेतली, सुमारे 500 लोक आले, आणि त्यातून वकिलाच्या कार्यालयात सेक्रेटरी असलेल्या या बाईंची निवड झाली. मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल साखळीतल्या, त्या पहिल्या पूर्णवेळ महिला निवेदक. त्या वेळी जायंट्स कँडलस्टिक पार्कवर खेळत. खाडीवरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यासाठी ते मैदान बदनाम होतं. त्या वाऱ्यातही शेरी डेव्हिस यांनी पुकारलेली नावं लोकांना ऐकू येत होती. म्हणजे 1993 पासून आजतागायत जायंट्सच्या माईकवर ओळीने तीन बायका झाल्या: डेव्हिस, ब्रूक्स-मून आणि 2024 पासून कॅरोलिन मॅकार्डल. 'पुरुषाच्या जागी बाई आणली' हे वाक्य या संघाच्या बाबतीत 1993 नंतर एकदाही खरं ठरलेलं नाही.

आणि ज्यांना कागद लागतो त्यांच्यासाठी एक कागद आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला बेसबॉलचं राष्ट्रीय हॉल ऑफ फेम आणि संग्रहालय आहे. 2002 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत, रेनेल ब्रूक्स-मून यांनी निवेदन केलं, आणि कुठल्याही व्यावसायिक खेळाच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात निवेदन करणारी पहिली स्त्री म्हणून त्या संस्थेने त्यांची नोंद घेतली. त्यांचं स्कोअरकार्ड तिथे जपून ठेवलंय. या खेळाचा इतिहास सांभाळणारी संस्था त्यांचा कागद जपते, आणि आपल्याकडच्या ग्रुपवर कोणीतरी त्यांना परस्पर पुरुष करून टाकतो. मला राग आलाय तो याचाच. आयुष्यभराचं काम केलेल्या बाईची बाई म्हणून ओळखच पुसायची, आणि त्या पुसलेल्या जागेवर उभं राहून दुसऱ्या बाईला नावं ठेवायची.

आता ते 'विज्ञान'. इथे जरा थांबते, कारण माझ्या मुलीला लागलं ते नेमकं हेच वाक्य.

पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण 100 ते 120 हर्ट्‌झच्या आसपास असतो, बाईचा 200 च्या आसपास. बाईचा आवाज पातळ असतो हे खरं. पण शब्द कळतो तो या मूळ स्वरावरून नाही. क, ट, त, श ही व्यंजनं एकमेकांपासून वेगळी ऐकू येतात ती त्याच्या कितीतरी वर, दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात. माणसाचा कानही तिथेच सगळ्यात तिखट असतो. पटत नसेल तर जुना घरचा फोन आठवा, काळा, गोल तबकडीचा. त्या फोनमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढंच जायचं. म्हणजे पुरुषाचा मूळ स्वरही त्यातून जात नव्हता आणि बाईचाही नाही. तरी मुंबईहून आलेला काकांचा ट्रंक कॉल कळायचा, आणि आत्याचाही कळायचा.

उघड्या मैदानात खरी अडचण आवाज जाड की बारीक ही नसते, प्रतिध्वनीची असते. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. लांबच्या भोंग्यातून निघालेला शब्द 120 मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा घेतो. तेवढ्यात जवळच्या भोंग्यातून पुढचा शब्द सुरू झालेला असतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. त्यातून जास्त घुमतात ते खालचे सूर, वरचे कमी. म्हणूनच चांगला निवेदक सावकाश बोलतो आणि दोन शब्दांत जागा सोडतो. न्यूयॉर्क यँकीज संघाचे निवेदक बॉब शेपर्ड 1951 पासून 2007 पर्यंत हेच करत होते. पेशाने ते वक्तृत्वाचे शिक्षक. आवाज भारदस्त होता, पण लोक त्यांना मानत ते सुटे, स्वच्छ उच्चार आणि मधली थांबण्याची जागा यांसाठी. या दोन गोष्टी शिकता येतात, आणि त्या गळ्याच्या जाडीवर ठरत नाहीत.

एवढं लांब तरी कशाला जायचं? मेसेज पाठवणाऱ्यांपैकी निम्मे लोक आयुष्यभर दादर, ठाणे, कल्याणला लोकल पकडत आलेत. फेरीवाले, इंजिनाचे हॉर्न, समोरच्या फलाटावरची गर्दी, या सगळ्यातून गाडी कुठल्या फलाटावर येतेय हे त्यांना कोणाच्या आवाजाने सांगितलं? डब्यात दाटीवाटीने उभं असताना 'पुढील स्टेशन' कोणाच्या तोंडून ऐकलं? तो आवाज पोचत नसता तर यातले कितीतरी लोक चुकीच्या स्टेशनावर उतरले असते.

'दीडशे वर्षं' हा मुद्दा दोन ओळींत संपतो. भोंग्याला जोडलेला माईकच बेसबॉलमध्ये 1929 च्या सुमारास आला, तोही न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, याच जायंट्सच्या मैदानात. 1958 मध्ये हा संघ तिथून सॅन फ्रान्सिस्कोला आला. माईक येण्याआधी माणूस कर्णा तोंडाला लावून ओरडत फिरायचा. आणि इतर संघांचं म्हणाल तर बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये 1994 साली लेस्ली स्टर्लिंग होत्या. न्यूयॉर्क मेट्सकडे 2018 पासून मॅरिसोल कॅस्ट्रो, बाल्टिमोरमध्ये 2021 पासून एड्रियन रॉबरसन, आणि खाडीच्या आमच्याच बाजूला ओकलंडमध्ये, 2024 नंतर संघ तिथून जाईपर्यंत, 2022 पासून अमेलिया शिमेल होत्या.

'रेडिओवरची बाई' हा टोमणा कशासाठी, हे मला कळलेलं नाही. ब्रूक्स-मूनही बे एरियाच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातल्या, रेडिओवरूनच आल्या होत्या. तिथे सकाळचा कार्यक्रम करता करताच त्या लोकांना माहीत झाल्या. रोज हजारो अनोळखी कानांशी बोलायची सवय ज्याला आहे त्याला या कामासाठी निवडणं यात गैर काय?

संघ हरतोय म्हणे. 2023 मध्ये, जुन्या आवाजाच्या शेवटच्या हंगामात, जायंट्स 79 सामने जिंकले आणि 83 हरले. 2024 मध्ये, नव्या आवाजाच्या पहिल्या हंगामात, 80 जिंकले आणि 82 हरले. एक सामना जास्तच जिंकले. 2021 मध्ये ब्रूक्स-मून माईकवर असताना 107 विजय मिळाले आणि 2017 मध्ये त्याच असताना 98 पराभव झाले. शेरी डेव्हिस यांच्या पहिल्या वर्षी, 1993 मध्ये, संघाने 103 सामने जिंकले. माईकवर कोण आहे याचा चेंडूशी काही संबंध नाही, हे मेसेज लिहिणाऱ्यालाही ठाऊक असणार. आणि ओस पडलेलं स्टेडियम? 2023 मध्ये सुमारे 25 लाख प्रेक्षक आले, 2024 मध्ये 26 लाखांच्या वर.

एक गोष्ट मान्य करावी लागते. मला ती करायची नव्हती, कारण मेसेजला एवढाही आधार द्यावासा वाटत नाही. पण चाहते दुखावले होते, हे खरं आहे. मार्च 2024 मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, ब्रूक्स-मून यांचा करार वाढवण्याबाबत एकमत झालं नाही असं जाहीर झालं, आणि 24 वर्षांचं नातं संपलं. त्यांनी शेवटचा सामना पुकारला तेव्हा तो शेवटचा आहे हे स्टेडियममध्ये बसलेल्या आम्हाला माहीत नव्हतं. उभं राहून टाळ्या वाजवायची संधी मिळाली नाही. मलाही याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. त्या वसंतात बाबांबरोबर पहिल्यांदा वरच्या मजल्यावर जाऊन बसले आणि पहिलं नाव पुकारलं गेलं, तेव्हा घरात कोणीतरी नसल्यासारखं झालं. ब्रूक्स-मून नाव लांबवत, त्यात रंग भरत. मॅकार्डल यांची पद्धत वेगळी आहे. कोणाला ती आवडेल, कोणाला नाही. ज्याला जुना आवाज हवा होता त्याने तसं म्हणावं, संघाच्या मालकांना जाबही विचारावा. तो राग रास्त आहे. पण त्या रागाचा रोख करार न करणाऱ्यांवरून काढून जागेवर आलेल्या बाईच्या गळ्यावर का वळवला? 2000 साली डेव्हिस जाऊन ब्रूक्स-मून आल्या तेव्हा त्याही नव्याच होत्या.

शिवाय हे काम म्हणजे काय, हेही मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावं. निवेदक समालोचन करत नाही. चेंडू कुठे गेला, तो का सोडला, हे टीव्ही-रेडिओवरचे समालोचक सांगतात. स्टेडियमचा निवेदक फलंदाजाचं नाव, पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, बदलला तर त्याचं नाव आणि सुरक्षेच्या सूचना देतो. म्हणजे नाव बरोबर घेणं हे या कामाचं अर्ध्याहून जास्त मोल. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, जपान, कोरिया, कुठकुठची मुलं इथे खेळतात. 2024 मध्येच जायंट्सकडे कोरियाचा ली जुंग-हू आला. चाळीस हजार लोकांसमोर त्याचं नाव त्याच्या आईने घेतलं असतं तसं घेता आलं पाहिजे. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना आपल्या मुलांच्या नावापाशी शिक्षक अडखळतात, तो क्षण आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिलाय.

माझी मुलगी शुक्रवारी रात्री दोन्ही संघांची यादी घेऊन बसते. एखादं नाव अडलं तर त्या संघाच्या प्रशिक्षकांना मेसेज करून विचारते आणि देवनागरीत लिहून घेते, कारण तिच्या मते इंग्रजीपेक्षा त्यात उच्चार नीट उतरतो. मेसेज आला त्या आठवड्यात ती यादी घेऊन बसलीच नाही. गुरुवारी म्हणाली, या वेळी दुसऱ्या कोणाला माईक द्या म्हणून सांगते.

मी वर लिहिलेलं सगळं बाबांना वाचून दाखवलं. ब्रूक्स-मून यांचं नाव आलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, ती तर आपलीच बाई!" मेसेज वाचताना तो आवाज त्यांना आठवला नव्हता, कारण मेसेजमध्ये 'निवेदक' असं लिहिलं होतं. त्यांनी ग्रुपवरून मेसेज काढला, नातीची माफी मागितली, आणि नाशिकच्या ज्या चार मित्रांना तो पुढे पाठवला होता त्या चौघांना फोन केले. एकाने विचारलं, मग ती नवी बाई कशी आहे?

बाबा म्हणाले, "नावं नीट घेते."