पोस्टडॉक व्हायचंय? हे गणित पाठ करा

पीएचडी झाली? अभिनंदन. आता लगेच कायमची नोकरी पकडून आयुष्याचं वाटोळं करून घेऊ नका. पोस्टडॉक करा, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी. परीक्षा नाही, प्रबंध नाही, ग्रँटच्या हिशेबाचं झेंगट पीआयच्या, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या, गळ्यात. तुम्ही फक्त संशोधन करायचं. असं सुख पुन्हा मिळत नाही, हे अगदी खरं. म्हणून तर ते वर्षावर्षाच्या करारावर देतात.

वर्षाची आखणी सोपी आहे. पहिला तिमाही सुरक्षा-प्रशिक्षणात आणि मागवलेल्या अँटिबॉडीची वाट पाहण्यात जातो. दुसरा, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधल्या नळ्या ओळखण्यात. झाकणावर 'नवीन २' एवढंच लिहिलेलं असतं आणि लिहिणारा दुसऱ्या खंडात. तिसऱ्यात पेशी मरगळतील, तेव्हा मायकोप्लाझ्माची चाचणी चुकूनही करू नका. हा जीवाणू असा गुणी की पेशी वाढवायचं माध्यम गढूळ करत नाही, आणि पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिनलाही जुमानत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली तर आधीचे सगळे निकाल संशयित, आणि त्यापायी करार कुणी वाढवत नाही. चौथा तिमाही पुढच्या नोकरीच्या अर्जांचा.

पेपर पाठवलाच, तर तो तपासणारा दुसरा रिव्ह्यूअर नॉकआउट उंदीर, म्हणजे एखादं जनुक बंद केलेले उंदीर, मागणार. उंदीर तयार करून, वंश वाढवून प्रयोगापर्यंत यायला वर्ष सहज लागतं. हातात उरलेले असतात चार महिने. काळजी नको, उरलेलं काम नव्या नोकरीत रात्री फुकट करता येतं. उंदीर दुसऱ्याने केले, तर पहिल्या लेखकाच्या मानात तोही वाटेकरी. 'दोघांचा वाटा समान' सांगणाऱ्या नावापुढच्या चांदणीला अर्थात काही खर्च नसतो.

युरोपियन युनियनची मेरी क्युरी फेलोशिप हवी असेल तर कुठेही रुळू नका. यजमान देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त काढलेत, तर अर्ज बाद. पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव ८ वर्षांच्या वर गेला, तरी बाद. म्हणजे अनुभव जमवायचा, पण बेताने.

शिफारसपत्र मात्र हमखास मिळतं. 'मसुदा तूच पाठव' असं पीआय म्हणतील. त्यात 'स्वतंत्र विचारांचे संशोधक' हे शब्द न विसरता घाला. सोबतच्या संशोधन-आराखड्यात मात्र गेली तीन वर्षं राबलेला विषय घेऊ नका. तो पीआयचा आहे.