जरा मधलं दाखवा

आमच्या आईची उभी हयात सांगलीच्या बाजारात गेली आणि तिनं सगळ्या दुकानदारांना एकच वाक्य ऐकवलं, "जरा मधलं दाखवा." साडी मधली, कुकर मधला, माझ्या मुंजीतल्या जिलब्यासुद्धा मधल्या. फार स्वस्तातलं टिकत नाही आणि फार महागातलं घेतलं की रात्री झोप येत नाही, हे तिचं अर्थशास्त्र. त्यावर वाढलेला मी मेलबर्नला आलो, मधल्या उपनगरात मधलं घर घेतलं, आणि दहा वर्षं माझं काही बिघडलं नाही. मग २०२३ च्या मार्चमध्ये ऑफिसातल्या मंडळींनी मला फूटीच्या फॅन्टसी लीगमध्ये ओढलं.

फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. क्रिकेटच्या मैदानावर, लंबगोल चेंडूनं, अठरा विरुद्ध अठरा. टोकाला चार खांब. मधल्या दोघांतून चेंडू लाथाडला की सहा गुण, आणि नेम हुकून तो बाजूच्या फटीतून गेला तरी एक गुण. चुकलेल्या नेमालाही काहीतरी पदरात घालणारा हा खेळ मला पहिल्या दिवसापासून आवडला. शाळेत गणिताच्या सरांकडे ही पद्धत असती तर मी आज कुठे असतो!

फॅन्टसीत आपण घरबसल्या संघमालक व्हायचं. त्या वर्षी अठरा क्लबांमधून तीस खेळाडू निवडायचे होते: आठ बचावाचे, दहा मिडफिल्डचे, चार रक, आठ फॉरवर्ड. रक म्हणजे चेंडू मध्यभागी उसळला की उडी मारून तो आपल्या माणसाकडे ढकलणारा ताडमाड गडी. तिसातले बावीस मैदानात, आठ बाकावर. खरा सामना झाला की हिशेब सुरू होतो. लाथेला तीन, मुठीनं दिलेल्या पासला दोन, झेलाला तीन, टॅकलला चार, गोलला सहा. फाऊल केलं तर उलटे तीन कापून घेतात. कर्णधाराचे गुण दुप्पट. खर्चायला कोटीच्या वर डॉलर देतात, अर्थात खोटे. पण पैसा खोटा असला की तो उधळता येतो, हा माझा गैरसमज होता. मी पहिल्या रात्री खोटे सात हजार डॉलर कसे वाचवावेत या विवंचनेत दीड वाजेपर्यंत जागा होतो. बायको पाणी प्यायला उठली, तिनं लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "गृहकर्जाच्या वेळी झोपला होतास."

ऑफिसातल्या जाणत्यांनी मला संतुलित संघाचं गुपित सांगितलं होतं. अर्धे घ्यायचे सगळ्यात महाग, सामन्याला शंभराच्या आसपास गुण काढणारे. उरलेले घ्यायचे सगळ्यात स्वस्त, म्हणजे नुकतेच मिसरूड फुटलेले रूकी. रूकी खेळला की त्याची किंमत वाढते, वाढली की विकायचा आणि आलेल्या पैशात महागडा आणायचा. या पोरांना इथे कॅश काऊ म्हणतात. आपल्याकडे दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, आणि इथे तर प्रत्येक लाथेला तीन गुण! पण या सगळ्या संतुलनात मधल्याला जागाच नाही. मधल्या किमतीचा खेळाडू धड गुण काढत नाही आणि त्याची किंमतही फारशी वाढत नाही. वर गर्भश्रीमंत, खाली कफल्लक, आणि मध्यमवर्ग हद्दपार. याला ते संतुलन म्हणतात.

मी मान डोलावली आणि घरी येऊन तेरा मधले घेतले.

काय करणार, हात वळतच नव्हता. मार्कस बाँटेम्पेलीसारख्या महागड्या मिडफिल्डरवर बोट ठेवलं की त्याची किंमत बघून छातीत धडधडायचं. उलट मधल्या रांगेतला एखादा, गेल्या वर्षी खांदा दुखावलेला, यंदा 'सरावात छान दिसतोय' म्हणून बातमी आलेला, असा माणूस दिसला की माया दाटून यायची. होतकरू आहे, घरचे चांगले असणार! मी खेळाडू निवडत नव्हतो, स्थळं बघत होतो.

रूकींमध्येही हाच घोळ. नॉर्थ मेलबर्ननं हॅरी शीझल नावाचा अठरा वर्षांचा पोरगा ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवी पोरं पाळीपाळीनं निवडतात तेव्हा, तिसऱ्या क्रमांकावर उचलला होता. ड्राफ्टमध्ये जितका वर, तितकी फॅन्टसीत किंमत चढी. आमच्या रिसेप्शनवरच्या बाईंपासून सगळ्यांनी त्याला घेतलं. मी म्हटलं, रूकी आणि एवढा महाग? कोथिंबिरीच्या भावात घासाघीस करणाऱ्या घराण्यातला मी, त्याच्याऐवजी दोन स्वस्तातली पोरं घेतली आणि वरचे डॉलर वाचवल्याबद्दल स्वतःला शाबासकी दिली.

गुरुवार, १६ मार्च. एमसीजीवर रिचमंड विरुद्ध कार्लटन, मोसमाचा पहिला सामना. खेळाडूचा सामना सुरू झाला की त्याला कुलूप लागतं, मग अदलाबदल बंद. मी ट्रेनमध्ये उभ्यानं, एका हातात डबा आणि दुसऱ्यात फोन घेऊन, शेवटच्या दहा मिनिटांत चार माणसं फिरवली. त्यातले दोन फिरवून परत होते तिथेच आणले. सामना सुटला ५८-५८, बरोबरीत. माझ्या आयुष्यात संतुलित म्हणावी अशी त्या आठवड्यात घडलेली तेवढीच गोष्ट.

शनिवारी शीझल पहिल्यांदा मैदानात उतरला. फॉरवर्ड म्हणून घेतलेल्या पोराला त्यांनी मागच्या फळीत खेळवलं आणि त्यानं चौतीस वेळा चेंडू पुढे धाडला. पदार्पणातच! माझ्या दोन स्वस्त पोरांपैकी एक संघातच नव्हता, म्हणजे शून्य. इथे शून्याला डोनट म्हणतात. भोपळा म्हटलं की जास्त लागतं. दुसरा तेविसावा, म्हणजे राखीव, म्हणून बाकावर बसला आणि शेवटची काही मिनिटं मैदानावर जाऊन, चेंडूला लांबूनच नमस्कार करून आला. दहा जणांच्या लीगमध्ये मी दहावा. तळाला राहणाऱ्यानं महिनाभर दर शुक्रवारी सगळ्यांना मॉर्निंग टी द्यायचा, असा दंडक होता.

बुधवारी, २२ तारखेला, पाडवा. बाल्कनीत गुढी, ताटात श्रीखंड, बाहेर पानगळ. त्या मोसमात आठवड्याला दोन बदल करता येत होते. साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त हाताशी असताना आता माघार नाही, असं म्हणून मी शीझलला घेतलं. आणि दुसरा बदल करताना संस्कारांना तिलांजली दिली.

मेलबर्न क्लबनं त्या वर्षी गंमत करून ठेवली होती. मॅक्स गॉन हा त्यांचा कर्णधार, दोन मीटरहून उंच, दाढीवाला, जुनाजाणता रक. आणि कॉलिंगवुडहून त्यांनी ब्रॉडी ग्रंडी हा तसलाच दुसरा खांब आणून शेजारी रोवला. एका म्यानात दोन तलवारी. जाणते म्हणत होते, दोघांपासूनही लांब राहा, गुण वाटले जातील. मी म्हटलं, आयुष्यात एकदा तरी काउंटरवर जाऊन सगळ्यात वरच्या फळीवरचं मागायचं. तीन मधले विचार बाजूला सारले, गॉनला घेतलं, कर्णधार केलं आणि श्रीखंडाची दुसरी वाटी खाल्ली.

शुक्रवारी ब्रिस्बेनच्या गॅबावर सामना. मी साडेसातलाच सोफ्यावर. पहिल्याच क्वार्टरमध्ये गॉनचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर गेला तो गेलाच. कर्णधाराचे गुण दुप्पट होतात हे खरं, पण कशाचे?

तरी मी टीव्ही बंद केला नाही. मधल्यांपैकी दोघं अजून खेळत होते. चौथ्या क्वार्टरमध्ये अचानक गॅबावरचे दिवे गेले. स्टेडियम अंधारात, खेळाडू मैदानावरच घुटमळतायत, प्रेक्षक मोबाइलचे दिवे लावून बसलेत, समालोचक जग बुडाल्यासारखे बोलतायत. मी सांगलीचा; मला वाटलं, फेज गेली असेल, येईल. आली अर्ध्या-पाऊण तासानं. तेवढ्या वेळात आईला फोन लावला. तिकडे चहाची वेळ होती.

"तिथं पण लाईट जाते होय?" आईच्या आवाजात समाधान होतं. मग मी तिला सगळं सांगितलं. तीस माणसं, खोटे डॉलर, गुडघा, मॉर्निंग टी.

ती थोडा वेळ गप्प राहिली. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"एवढा महागातला कशाला घेतलास रे? मधला नव्हता का?"