गुडघ्यातलं ‘वंगण’ आणि गोळ्यांची बाटली

‘गुडघ्यातलं वंगण संपलंय? ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन आणि कोलॅजेन घ्या. झिजलेली कूर्चा तीन महिन्यांत भरून येते. नैसर्गिक आहे, अपाय शून्य. लाखोंना गुण आला.’ हा मेसेज या आठवड्यात चौथ्यांदा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी ‘भरून येते’ बघू. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिची डागडुजी फार तोकडी होते. प्यायलेलं कोलॅजेन हे प्रथिन थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. पोटात त्याची अमिनो आम्लं आणि बारीक तुकडे होतात, ते शरीर हवे तिथे वापरतं. टक्कल पडलं म्हणून केस खाण्यातलाच प्रकार!

‘लाखोंना गुण आला’ हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गुण येतोच. अमेरिकेत गुडघेदुखीच्या 1583 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2006 साली आले. 24 आठवड्यांनी दुखणं किमान 20 टक्के उतरलेले रुग्ण ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन (कूर्चेतच सापडणारे दोन घटक) एकत्र घेणाऱ्यांत 66.6 टक्के होते. आणि ज्यांच्या गोळीत औषधच नव्हतं त्यांच्यात? 60.1 टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो. जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या गटात आकडे बरे दिसले, जाहिरातीत तेवढेच येतात. त्याच चाचणीतल्या काही रुग्णांचे पुढे दोन वर्षं एक्स-रे काढले, तर झीज थांबवण्यातही गोळ्यांनी ठोस सरशी दाखवली नाही.

शिवाय हे दुखणं चढतं-उतरतं. आपण बाटली आणतो ती जिना चढवेनासा होतो तेव्हा. पुढे ते आपसूक उतरलं, तरी श्रेय बाटलीला.

‘अपाय शून्य’ तर साफ चूक. ग्लुकोसामाइन बरेचदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात, त्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी लेबल वाचावं. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांना ग्लुकोसामाइनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. सांधेदुखीवर अशाच खपणाऱ्या, हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

मेसेजमध्ये गुडघ्याला आधार देणाऱ्या मांडीच्या स्नायूंचं नावच नाही. वजन 1 किलो उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो, तेही नाही. माझी आत्या सकाळी खुर्चीवरून हात न टेकवता दहादा उठते-बसते. सुरुवातीला तिसऱ्याच वेळी कण्हायची. तिची बाटली अजून फडताळात आहे. आत बटणं ठेवलीत.